ईसीयूमधील छुपे बदल कोण तपासणार? परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या ट्यूनिंग सॉफ्टवेअरने गाड्यांच्या ईसीयूमध्ये होणारे बेकायदा बदल आणि त्यांच्या तपासणीचा अभाव.

माननीय आयुक्त,

सातारा जिल्ह्यात पुणे-बेंगळुरू महामार्गालगत माझे डिझेल गाड्यांचे गॅरेज आहे. पंप आणि नोझलच्या कामावर मी हा धंदा शिकलो, कॉमन रेल इंजिने आली तेव्हा स्कॅनर घेतला आणि बीएस-6 या प्रदूषण मानकाच्या गाड्या आल्या तेव्हा पुन्हा नव्याने शिकलो. आपल्या खात्याने आणि पोलिसांनी कर्णकर्कश सायलेन्सर, काळ्या काचा आणि फॅन्सी नंबरप्लेट यांच्यावर केलेली कारवाई मी पाहिली आहे. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावण्याची मोहीम आपण राज्यभर राबवली, तीही पाहिली आहे. डोळ्यांना दिसणारा बदल आपल्या यंत्रणेला सापडतो. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, लॅपटॉप जोडून केलेला बदल मात्र पासिंगला तपासला जात नाही, पीयूसीला तपासला जात नाही आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर होतानाही तपासला जात नाही. हे पत्र त्या दुर्लक्षाबद्दल आहे. ते उघडपणे लिहीत आहे, कारण गाडीमालकांनी आणि माझ्या व्यवसायातील मंडळींनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

आधी प्रकार काय आहे ते सांगतो. आजच्या इंजिनात डिझेल किती, केव्हा आणि किती दाबाने फवारायचे, टर्बोने किती हवा भरायची, टॉर्क कुठे रोखायचा आणि धूर किती होऊ द्यायचा, हे सर्व ईसीयूमधील तक्त्यांत लिहिलेले असते. आम्ही त्याला मॅप म्हणतो आणि तो बदलण्याच्या कामाला रिमॅप. हे काम करणारी व्यावसायिक सॉफ्टवेअर आणि उपकरणे परदेशी कंपन्यांची असतात आणि त्यांचा खर्च लाखांत जातो. परंतु त्याच सॉफ्टवेअरच्या क्रॅक केलेल्या आवृत्त्या, उपकरणांच्या स्वस्त नकला आणि कोणीतरी कधीतरी तयार केलेल्या मॅपच्या फाइली इंटरनेटवर फुकट मिळतात. ‘स्टेज वन’ (ताकद वाढवणारी), ‘डीपीएफ ऑफ’ (धुरातील काजळी अडवणारी जाळी बंद करणारी), ‘ईजीआर ऑफ’ (एक्झॉस्टचा काही वायू इंजिनात परत फिरवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा बंद करणारी) अशा नावांनी कोणी अनोळखी माणूस त्या चढवतो, नुकताच कामाला लागलेला मुलगा त्या उतरवून घेतो आणि डॅशबोर्डखालच्या ओबीडी, म्हणजे तपासणीचा स्कॅनर जोडण्याच्या, सॉकेटमधून गिऱ्हाइकाच्या गाडीत टाकतो. ज्याने फाइल बनवली त्याने ती गाडी पाहिलेली नसते, जो टाकतो त्याला फाइलच्या आत काय बदलले आहे ते वाचता येत नसते आणि गाडीमालकाच्या हाती काय केले याचा एक कागदही पडत नाही.

सॉफ्टवेअर मोफत आहे म्हणून ते वाईट, असे माझे म्हणणे नाही. स्पीडुइनो आणि रुसईएफआय यांसारखे मुक्त प्रकल्प आहेत, त्यांच्या आतला प्रत्येक भाग कोणालाही तपासता येतो, आणि जुन्या किंवा शर्यतीच्या इंजिनांवर शिकणाऱ्यांसाठी ते फार मोलाचे आहेत. गाडीचे रीडिंग नुसते दाखवणारी मोफत अॅप मी स्वतः मुलांना शिकवताना वापरतो. माझा आक्षेप चोरीच्या सॉफ्टवेअरला, निनावी फाइलींना आणि त्या सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत टाकण्याला आहे.

पहिली तक्रार गाडी जागच्या जागी बंद पडण्याची आहे. एकाच मॉडेलच्या आणि एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत ईसीयू सारखा दिसला तरी आतील सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असू शकते. एका आवृत्तीत ज्या जागी इंधनाचा तक्ता असतो, त्याच जागी दुसऱ्या आवृत्तीत भलतेच काही असते. नकली उपकरणाने चेकसमची, म्हणजे फाइलमधील बेरजेची, पडताळणी चुकवली किंवा फाइल जात असताना बॅटरीचा व्होल्टेज पडला, तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी स्टार्टच होत नाही. मग तो गाडीतून काढून, प्रसंगी उघडून, टेबलावर थेट चिपशी जोडून मूळ सॉफ्टवेअर भरावे लागते. मूळ फाइल आधी वाचून ठेवलेली नसेल तर बहुतेकदा नवा ईसीयू घ्यावा लागतो आणि चावीच्या इमोबिलायझरशी जुळवावा लागतो. अशा अवस्थेत माझ्याकडे टो करून आणलेल्या गाड्या हौशी लोकांच्याच असतात असे नाही. त्यांत भाजीपाल्याची पिकअप असते, प्रवासी व्हॅन असते. ‘अॅव्हरेज वाढेल’ एवढेच त्या मालकांना सांगितलेले असते.

दुसरी तक्रार इंजिनाच्या आयुष्याची आहे आणि तिच्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण सर्वांत जास्त फसवणूक येथेच होते. ‘कंपनीने ताकद मुद्दाम कमी ठेवलेली असते, आम्ही ती फक्त मोकळी करतो’ हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाने ऐकलेले आहे. पुण्याजवळ रांजणगावलाही पूर्वी बनत असलेले फियाटचे 1.3 लिटर मल्टिजेट इंजिन घ्या. ते 75 आणि 90 अश्वशक्ती अशा दोन रूपांत आले, आणि त्यातून अनेकांचा समज झाला की फरक केवळ सॉफ्टवेअरचा आहे. प्रत्यक्षात 75च्या इंजिनाला साधा टर्बो होता आणि 90च्या इंजिनाला पात्यांचा कोन बदलणारा टर्बो होता. वरच्या इंजिनाची इंधनाची आकडेवारी खालच्या इंजिनात भरली तर जादा डिझेल जळायला पुरेशी हवा मिळत नाही, धूर वाढतो, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि टर्बो व पिस्टन यांना त्याची किंमत मोजावी लागते.

लहान गाड्यांच्या टर्बोचा दांडा मिनिटाला 2 लाखांहून अधिक फेरे घेऊ शकतो. उंचीवर हवा विरळ असल्याने तोच दाब तयार करायला त्याला आणखी वेगाने फिरावे लागते. म्हणून मूळ मॅपमध्ये उंचीप्रमाणे दाब उतरवण्याचा तक्ता असतो. सपाट प्रदेशात बसून कोणी तो तक्ता काढून टाकला आणि ती फाइल समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला रोज पर्यटक नेणाऱ्या गाडीत गेली, तर टर्बो किती काळ टिकेल हे सांगायला मेस्त्री लागत नाही. पेट्रोल गाड्यांचा प्रश्न वेगळा, पण तितकाच गंभीर आहे. फाइल ज्या देशात लिहिली गेली तेथील पेट्रोल गृहीत धरून ती लिहिलेली असते. आपल्या पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलला तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त लागते. मिश्रण आणि इग्निशनचे टायमिंग या दोन्हींचा हिशेब येथे नव्याने करावा लागतो. निनावी फाइलमध्ये तो कोणी केलेला नसतो.

याहून घातक गोष्ट म्हणजे अशा अनेक फाइलींमध्ये फॉल्ट कोडच बंद केलेले असतात. इंधनाचा दाब (रेल प्रेशर) भरकटला, एक्झॉस्ट तापला, सेन्सर गेला, तरी चेक लाइट लागत नाही आणि इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करून लिम्प मोडमध्ये जात नाही. चालकाला मिळणारी शेवटची सूचना अशा रीतीने काढून घेतली जाते. भरलेली गाडी घेऊन खंबाटकी किंवा आंबेनळी घाट चढणाऱ्या माणसाला इशारा न मिळता इंजिन दगा देऊ शकते, याची जबाबदारी फाइल चढवणाऱ्या निनावी माणसावर कोण निश्चित करणार?

तिसरी तक्रार हवेची आहे. बीएस-4 वरून 1 एप्रिल 2020 रोजी देश बीएस-6 वर गेला, तेव्हा डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला 0.25 ग्रॅमवरून 0.08 ग्रॅमवर आणि धूलिकणांची 0.025 ग्रॅमवरून 0.0045 ग्रॅमवर आली. ही घट डीपीएफ, ईजीआर, मोठ्या गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये फवारले जाणारे अॅडब्लू द्रावण आणि त्यांना चालवणारे सॉफ्टवेअर यांच्यामुळे शक्य झाली. त्यासाठी प्रत्येक ग्राहकाने गाडीच्या किमतीत जादा पैसे मोजले आहेत. एक फाइल ते सर्व पुसून टाकते. शिवाय एक चूक दुसरीला ओढून आणते. ‘स्टेज वन’ने डिझेल वाढते, काजळी वाढते, डीपीएफ लवकर भरतो, तो पुन्हा पुन्हा स्वतःला जाळून साफ करू लागतो, त्या वेळी जादा फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी चढते. मग तोच मुलगा सांगतो की डीपीएफच खराब आहे, काढून टाकू. आतील जाळी फोडून रिकामा डबा परत बसवला जातो, आणि बाहेरून पाहणाऱ्या निरीक्षकाला सर्व जागच्या जागी दिसते.

अशी गाडी पीयूसीला जाते तेव्हा काय होते? डिझेल गाडी उभी करून अॅक्सिलरेटर दाबला जातो आणि धुराची घनता मोजली जाते. नायट्रोजन ऑक्साइड त्या चाचणीत मोजलेच जात नाहीत. म्हणून ईजीआर आणि अॅडब्लू बंद केलेली गाडीही प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते.

येथे मला फोक्सवॅगन प्रकरणाची आठवण करून द्यायची आहे, कारण त्याचा पुण्याशी थेट संबंध आहे. चाचणीत एक आणि रस्त्यावर दुसरेच वागणारे सॉफ्टवेअर डिझेल गाड्यांत घातल्याचे सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेत उघड झाले. जगभरातील सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या त्यात होत्या. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन आणि चाचणी संस्थेने तपासणी केली, कंपनीने 3 लाख 23 हजारांहून अधिक गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले आणि मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 500 कोटी रुपयांचा दंड सुनावला. सॉफ्टवेअरने हवा खराब करणे हा गुन्हा आहे, हे आपल्या देशाने तेव्हाच मान्य केले आहे. मग तेच काम गल्लीतल्या गॅरेजमध्ये एकेक गाडी करून होते, तेव्हा तो गुन्हा का राहत नाही? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2020 मध्ये अंदाज मांडला की त्यापूर्वीच्या दशकभरात तेथील साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषणरोधक यंत्रणा अशी काढली गेली होती. आपल्याकडे हा आकडा काढण्याचा प्रयत्नही झालेला माझ्या पाहण्यात नाही, आणि तीही माझी तक्रारच आहे.

चौथी तक्रार वेगनियंत्रकाची. प्रवासी वाहतुकीच्या टॅक्सींना ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे आणि नव्या गाड्यांत ती बहुधा ईसीयूमध्येच असते. ती काढून देण्याच्या फाइली त्याच ठिकाणी, त्याच फुकट भावाने मिळतात. पासिंगच्या दिवशी मूळ फाइल परत टाकायची आणि दुसऱ्या दिवशी काढायची, ही पद्धत आमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. त्या गाडीत बसणाऱ्या कुटुंबाला मात्र ठाऊक नाही.

पाचवी तक्रार जुनी गाडी घेणाऱ्याची आहे. पहिला मालक ताकद वाढवून दोन वर्षे गाडी पिळतो आणि विकण्यापूर्वी कोड पुसून देतो. घेणारा आयुष्यभराच्या बचतीतून ती घेतो, आणि काही महिन्यांत टर्बो, क्लच किंवा डीपीएफ यांचा खर्च त्याच्या अंगावर पडतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बदललेले सॉफ्टवेअर दिसले की वॉरंटी नाकारली जाते, आणि अपघात झालाच तर न कळवलेल्या बदलाचे कारण देऊन विम्याचा दावा अडण्याची शक्यता असते. ज्याने काही केले नाही त्याच्यावरच सर्व येऊन पडते. माझ्या टेबलासमोर बसलेल्या अशा माणसाला ‘तुमची फसवणूक झाली आहे, पण दाद कुठे मागायची ते मला सांगता येत नाही’ असे सांगणे मला फार जड जाते.

सहावी गोष्ट थोडक्यात, कारण ती गॅरेजवाल्यांसाठी आहे. क्रॅक केलेले सॉफ्टवेअर बसवताना पहिली सूचना अँटिव्हायरस बंद करण्याची असते. ज्या लॅपटॉपवर आपण ते बंद करतो, त्याच लॅपटॉपवर आपली जीएसटीची बिले, बँकेचे लॉगिन आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर असतात. तो लॅपटॉप उद्या दुसऱ्याच्या गाडीच्या संगणकाला जोडायचा असतो, हेही लक्षात ठेवावे.

आता कायद्याकडे येतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. नोंदणी प्रमाणपत्रावर अश्वशक्ती छापलेली असते, प्रदूषणाचे मानक छापलेले असते. फाइल टाकून अश्वशक्ती वाढली आणि डीपीएफ गेला, की ते प्रमाणपत्रच खोटे ठरते. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ च्या चौथ्या पोटकलमात अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड आहे, आणि कलम 190(2) मध्ये प्रदूषणाचे मानक मोडणारी गाडी चालवण्यासाठी पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सीएनजी किट बसवताना आपले कार्यालय मान्यताप्राप्त किट मागते, प्रमाणपत्र मागते आणि पुस्तकावर नोंद करते. इंजिनाचा संपूर्ण स्वभाव बदलणाऱ्या फाइलसाठी यातले काहीच विचारले जात नाही. कायदा अपुरा आहे म्हणून हे घडत नाही. तपासण्याची पद्धतच ठरवलेली नाही म्हणून घडते.

आणि पद्धत अवघड नाही. ओबीडी सॉकेटमधून ईसीयूला विचारले तर तो आपल्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे आत भरलेल्या मॅपचा, ओळखक्रमांक आणि त्या सॉफ्टवेअरवरून हिशेब करून काढलेला पडताळणी क्रमांक सांगतो. उत्पादकाच्या यादीशी हे दोन क्रमांक ताडून पाहिले की बदल झाला आहे का ते काही मिनिटांत कळते. कॅलिफोर्नियात जुलै 2021 पासून स्मॉग चेक या प्रदूषण तपासणीत हेच केले जाते. सॉफ्टवेअर बेकायदा बदललेले आढळले तर गाडी नापास होते आणि ते पूर्ववत केल्यावरच पास होते. हे क्रमांक खोटे दाखवणाऱ्या फाइलीही कोणी बनवू शकेल, याची मला कल्पना आहे. पण माझ्यासमोर येणाऱ्या फुकटच्या फाइलींत तेवढी सफाई क्वचितच असते, आणि सर्व चोर सापडणार नाहीत म्हणून कुलूपच लावू नये असे कोणी म्हणत नाही.

यावरून माझ्या मागण्या अशा आहेत.

ईसीयूच्या सॉफ्टवेअरमधील अनधिकृत बदल हा कलम 52 खालील बदलच आहे, हे सांगणारे स्पष्ट परिपत्रक आपण काढावे आणि ते प्रत्येक आरटीओत, पीयूसी केंद्रावर आणि गॅरेजच्या संघटनांपर्यंत पोहोचवावे. आज अनेक मालक हे अज्ञानातून करतात, म्हणून पहिले काम माहिती देण्याचे आहे.

व्यावसायिक बीएस-6 डिझेल वाहनांपासून सुरुवात करून पासिंगच्या वेळी कॅलिब्रेशनचे दोन्ही क्रमांक वाचण्याचा पथदर्शी प्रयोग राज्यात करावा. क्रमांकांची यादी उत्पादकांकडून एआरएआयमार्फत मागवता येईल. वेगनियंत्रकासाठी महामार्गावरही अचानक तपासणी हवी, कारण पासिंगच्या दिवसापुरती फाइल बदलली जाते. पीयूसीच्या नियमांत ओबीडी तपासणी आणणे केंद्र सरकारच्या हातात आहे, तर तशी लेखी शिफारस राज्याने करावी.

गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना सॉफ्टवेअर मूळ असल्याचा स्कॅन अहवाल जोडण्याची सोय करावी. सुरुवातीला तो ऐच्छिक असला तरी चालेल. विकत घेणारे तो स्वतःच मागू लागतील.

ज्यांनी असे बदल आधीच करून घेतले आहेत, त्यांना मूळ सॉफ्टवेअर परत भरून घेण्यासाठी सहा महिन्यांची मुदत द्यावी. त्या काळात दंड नसावा, आणि हे काम वाजवी दरात करून देण्यास उत्पादकांना सांगावे. फसलेल्या दुसऱ्या मालकाला शिक्षा झाली तर ती माझ्या दृष्टीने अन्यायाची ठरेल.

‘डीपीएफ ऑफ’ आणि ‘स्पीड लिमिट रिमूव्ह’ अशा जाहिराती फोन नंबरसह उघडपणे देणाऱ्यांवर, कायद्यात जी कलमे लागू होतील ती लावून कारवाई करावी. केवळ गाडीमालकाला पकडून हा व्यवहार थांबणार नाही.

शेवटची मागणी माझ्या व्यवसायाच्या वतीने आहे आणि ती मी आग्रहाने मांडतो. प्रामाणिक गॅरेजला मूळ सॉफ्टवेअर आणि निदानाची साधने परवडणाऱ्या दरात, कायदेशीर मार्गाने मिळाली पाहिजेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी ज्या चार क्षेत्रांची निवड केली, त्यांत मोटारी आहेत. उत्पादकांनी दारे बंद ठेवली की मुले चोरीच्या सॉफ्टवेअरकडे वळतात. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात ईसीयूचे काम, त्यातील धोके आणि कायदा शिकवण्यासाठी आपल्या खात्याने कौशल्य विकास विभागाशी बोलावे. आणि कारवाईच्या नावाखाली प्रत्येक लॅपटॉपवाल्या मेस्त्रीला त्रास होणार नाही याची हमी द्यावी.

पथदर्शी प्रयोगासाठी माझ्या गॅरेजची जागा, स्कॅनर आणि माझा वेळ मी विनामोबदला देण्यास तयार आहे. वरील प्रत्येक मागणीवर आपले खाते काय करणार आहे आणि केव्हा, याचे लेखी उत्तर मिळावे ही विनंती.

आपला विश्वासू,
एक डिझेल गॅरेजचालक,
जिल्हा सातारा.

प्रत माहितीसाठी:
संचालक, एआरएआय, पुणे.
सर्व प्रादेशिक परिवहन अधिकारी, महाराष्ट्र राज्य.